छप्पर नेमके गळते कुठे?

कोकणात उतरती कौले, सोलापूर-मराठवाड्यात मातीचे सपाट माळवद. ही वाटणी पावसाने केलेली. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर सोलापुरात त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. पुढे सिमेंटचा स्लॅब कोकणातही पोचला आणि गळतीची तऱ्हा बदलली.

मंगलोरी कौल उलटून पाहा. खालच्या अंगाला रिपेत अडकणारी नाके असतात, कडांना खाचा. शेजारचे कौल खाचेत बसते, वरच्या ओळीची कड खालच्या ओळीवर चढते. सांध्यात सिमेंट नसते. पाणी थांबायच्या आत उतारावरून ओघळते, यावरच सगळी भिस्त. म्हणून माकडांनी कौल सरकवले, झावळी पडून ते फुटले किंवा पन्हळीत पाचोळा तुंबला, की घरात ठिबकू लागते. पाणी वाशावरून घरंगळत खाली येते. त्यामुळे फुटके कौल शोधायचे ते ठिबकणाऱ्या जागेच्या वर, आढ्याच्या दिशेने. सापडले की तेवढेच बदलायचे.

स्लॅबवर पाणी रेंगाळते आणि काँक्रीट थोडेफार पाणी पितेच. म्हणून त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून उतार देतात, साधारण 100 सेंटिमीटरला 1 सेंटिमीटर. उन्हाने तापलेला स्लॅब सरीने एकदम निवतो आणि या आकुंचन-प्रसरणात बारीक भेगा पडतात. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तो सांधा आधी उकलतो. आत शिरलेले पाणी कोब्याखालून आडवे पसरते आणि भलत्याच कोपऱ्यात ओल उमटते. पाणी सळ्यांपर्यंत पोचले तर त्या गंजतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्या दाबाने छताचे पोपडे सुटतात.

गच्ची तपासायची तर सर थांबल्यावर तासाभराने वर जा. जिथे डबके उरले असेल तिथे खडूने रेघ ओढा. उतार तिथे चुकला आहे. पावसाळी पाइपाच्या तोंडावरची जाळी साफ करा. मग कठड्याच्या बुडाशी सिमेंटची गोलाई तडकली आहे का, ते पाहा. दुरुस्तीनंतर पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर किमान 24 तास पाणी साठवा आणि खालून छत न्याहाळा.

खोलीतून छताला रंग फासल्याने डाग झाकला जातो, गळती नाही. पाणी वरून येते. इलाजही वरूनच करा, आणि तो मे महिन्यातच उरका.