सुट्टीतला बंड्या

एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्या की माझा फोन वाजायला लागतो. शिबिरं, सोसायट्या, वाढदिवस आणि मे महिन्यातल्या मुंजी. मुंजीतला कार्यक्रम सर्वांत कठीण. मुहूर्त लागून गेलेला असतो, पंगत बसायला वेळ असतो, मोठी माणसं आहेराच्या गडबडीत असतात आणि आत्या-मावश्यांची सगळी पोरं हॉलभर धावत असतात. तेव्हा कुणीतरी माइकवर सांगतं, ‘आता बोलक्या बाहुल्यांचा कार्यक्रम!’

माझा बाहुला बंड्या मांडीवर बसतो. त्याच्या पाठीतून आत हात घातला की मानेची दांडी मुठीत येते. दांडीवरचा खटका दाबला की जबडा उघडतो, दांडी फिरवली की मान वळते. हे हाताला लवकर जमतं. खरी मेहनत असते ती तोंडाची.

प, फ, ब, भ, म ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, आणि मुलांच्या बोलण्यात तर हीच अक्षरं भरलेली: बाबा, मामा, आंबा, पोपट, मोबाईल. माझ्यासारखा शब्दभ्रमकार ओठ किंचित उघडे ठेवून जिभेचा शेंडा दातांमागे टेकवतो आणि ‘म’च्या जागी ‘न’, ‘प’च्या जागी ‘त’, ‘ब’च्या जागी ‘द’ अशी जवळची अक्षरं काढतो. पण मामाचा नाना झाला तर पंचाईत, कारण मुंजीच्या हॉलमध्ये एखादे नाना हमखास बसलेले असतात. म्हणून तो शब्द आधी मी माझ्या आवाजात ठणठणीत उच्चारतो, ‘काय रे बंड्या, सुट्टीत मामाकडे गेला नाहीस?’ एकदा मामा कानात बसला की बंड्याच्या तोंडूनही मामाच ऐकू येतो.

आवाज लांब फेकण्याची काही विद्या असते असं पुष्कळांना वाटतं. तशी काही नसते. आवाज माझ्याच गळ्यातून येतो, पण हलणारं तोंड दिसलं की कान डोळ्यांमागे जातात. सिनेमात भोंगे पडद्याच्या कडेला असले तरी नटच बोलतोय असं वाटतं, तसंच हे. त्यामुळे बंड्या बोलत असताना मी त्याच्याकडे बघायचं आणि मनापासून ऐकायचं. मी कंटाळलो तर मुलंही कंटाळतात.

ही कला आपल्याकडे रुजली ती यशवंत पाध्ये यांच्यामुळे. त्यांच्या अर्धवटराव या बाहुल्याला पुढे रामदास पाध्ये यांनी घरोघरी पोचवलं. १९९३च्या ‘झपाटलेला’ सिनेमातला तात्या विंचू हा बाहुलाही रामदास पाध्ये यांनीच घडवलेला. बाहुला पेटीतून बाहेर आला की आजही एखादा मुलगा विचारतो, ‘हा तात्या विंचू आहे का?’ त्यामागे गंमत असते तशी भीतीही असते. म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलांपुढे बंड्याच आधी घाबरतो. माझ्या खांद्याआड तोंड लपवतो, ‘एवढी सगळी माणसं!’ म्हणतो. मग तीच मुलं त्याला धीर देतात. ‘घाबरू नको, आम्ही काही करत नाही.’ बाळाला बळेच पुढे ढकलून फोटो काढू पाहणाऱ्या पालकांना मात्र मी तिथल्या तिथे थांबवतो. लांबून बघायचं असेल तर लांबून बघू द्यावं.

हा बाहुला आहे हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं. त्याला खटका दिसतो, माझा हात दिसतो, तरीही ‘तू जेवलास का?’ असं तो बंड्यालाच विचारतो, मला नाही. एवढं मोठं देणं तो माझ्या हातात ठेवतो. ते जपायचे नियम साधे आहेत. मुलांसमोर बंड्याची मान लोंबू द्यायची नाही. त्याला उलटा धरायचा नाही. पेटीत ठेवायचा तो आत, दार लावून. आयोजक पुढच्या कार्यक्रमासाठी कितीही घाई करोत, बंड्या सगळ्यांचा निरोप घेऊनच उठतो.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांची तऱ्हा वेगळी. ती पहिल्या रांगेत बसून माझ्या ओठांवर नजर लावतात आणि ‘हलले, हलले!’ म्हणून ओरडतात. ती मला फार आवडतात. त्यांच्यातल्याच एकाला मी वर बोलावतो, खटका त्याच्या हातात देतो आणि ओठ न हलवता ‘मामाचा पोपट’ म्हणायला सांगतो. त्यानंतर सगळी रांगच दात मिटून ‘नानाचा तोतट’ करायला लागते, आणि पानं वाढली तरी कुणी जेवायला उठत नाही.