तीव्र हिवतापातून बरी झालेली बालके आणि बोधात्मक पुनर्वसन : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
ताप उतरला की हिवतापाचा उपचार संपला, असा सर्वसाधारण समज आहे. मेंदूच्या हिवतापातून वाचलेल्या बालकांबाबत तो अपुरा ठरतो.

समस्येचे स्वरूप :
प्लाझमोडियम फॅल्सिपॅरम या परजीवीने बाधित झालेल्या तांबड्या रक्तपेशी मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आतून चिकटतात. रक्तप्रवाह मंदावतो, झटके येतात व बालक बेशुद्ध होते. शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या आर्टेसुनेटमुळे अनेक जीव वाचतात. परंतु मेंदूस झालेली इजा मागे राहू शकते. युगांडातील कंपाला येथील २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आजारानंतर दोन वर्षांनी २६.३ टक्के बालकांत बोधात्मक उणीव आढळली. त्याच परिसरातील इतर बालकांत हे प्रमाण ७.६ टक्के होते. उणीव प्रामुख्याने अवधानाची होती.

पुनर्वसनाचे उपाय :
अवधान, स्मृती व आकलन यांची चाचणी घेऊन दुबळ्या क्षमतेचा क्रमाक्रमाने अवघड होत जाणारा सराव देणे, हे बोधात्मक पुनर्वसनाचे मूळ तत्त्व होय. कंपाला येथेच अशा बालकांना आठ आठवडे संगणकावर सराव देण्यात आला व काही क्षमतांत तात्काळ सुधारणा दिसली. तथापि हा अद्याप सर्वमान्य उपचार नाही. म्हणून वर्गात पुढे बसविणे, एका वेळी एकच सूचना देणे, पाठाची पुनरावृत्ती करणे हे साधे उपायही महत्त्वाचे ठरतात.

हिंगोली जिल्ह्याचा संदर्भ :
हिंगोलीत गडचिरोलीप्रमाणे हिवतापाचा मोठा प्रादुर्भाव नाही. नेमक्या याच कारणाने धोका वेगळा आहे. कळमनुरी वा सेनगाव तालुक्यातील एखादे बालक या आजारातून उठून शाळेत परतले, तर त्याच्या विसरभोळेपणाचा संबंध जुन्या तापाशी जोडला जाणे कठीण. ते 'आळशी' ठरते आणि हळूहळू शाळेपासून तुटते. २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शालेय विद्यार्थ्यांची एकदा तपासणी अपेक्षित असून विकासात्मक विलंब हा तिचा एक भाग आहे. रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर 'मेंदूचा हिवताप' ही नोंद स्पष्ट असेल आणि पालकांनी ती तपासणी पथकास व शिक्षकांस दाखविली, तर अशा बालकाचा वेळीच शोध लागू शकतो.

निष्कर्ष :
बालकाचा जीव वाचविणे हा उपचाराचा पहिला टप्पा आहे. त्याचे शिक्षण वाचविणे हा दुसरा. या दुसऱ्या टप्प्याची सुरुवात महागड्या यंत्राने नव्हे, तर रुग्णालय, पालक व शाळा यांच्यातील एका नोंदीने होऊ शकते.