थंडीत बाइक काढताय? आधी बोटं सांभाळा!

डिसेंबरचा वीकेंड, पहाटेचे पाच आणि पुणे ते महाबळेश्वर. प्लॅन एकदम झक्कास! गेल्या वर्षी मीही अशीच निघाले. अंगात कॉटनचा टी-शर्ट, वर डेनिमचं जॅकेट, हात उघडे. खंबाटकी घाटात पुढच्या ट्रकने ब्रेक मारला आणि माझी बोटं लिव्हरवर वळेचनात! कशीबशी थांबले, ट्रकपासून हातभर अंतरावर. 'कूल' दिसायची हौस तिथेच फिटली.

गणित सोपं आहे. हवा १० अंश असली, तरी ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला ती ५ अंशांसारखी बोचते. शिवाय या वेगाने बाइक सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. बोटं एक सेकंद उशिरा वळली तर?

म्हणून आधी ग्लोव्हज. मनगट झाकणारे, वारा न शिरणारे. पण ते घालून ब्रेक, क्लच, इंडिकेटर जमतात का, हे दुकानातच बघा. अंगात तीन थर हवेत: आत थर्मल (कॉटन नको, ते घाम धरून ठेवतं), मध्ये फ्लीस किंवा आईने विणलेला स्वेटर, वर वारा अडवणारं, खांद्या-कोपरांना आर्मर असलेलं जॅकेट. गळ्याला बफ, पायात घोटा झाकणारे बूट. आयएसआय मार्कचं फुल-फेस हेल्मेट तर मस्टच!

महिनाअखेर आहे? मग जॅकेट येईपर्यंत स्वेटरवर रेनकोट चढवा, निदान वारा तरी अडेल. ग्लोव्हज मात्र आधी घ्या. पसरणी घाट चढून पाचगणीत चहाचा कप धरायलाही बोटं लागतातच की!