काडतूस ‘फुस्स’ का होतं? थाऊ-थाऊच्या गमती

चाललेली पितळी पुंगळी साफ करायची, डायमध्ये दाबून मापात आणायची, बुडात नवा प्राइमर, म्हणजे ठोक्याने पेटणारी टिकली, बसवायचा, दारू तोलून भरायची आणि वर गोळी ठोकायची. ‘हँडलोडिंग’ हा अमेरिकेतल्या हजारो गॅरेजमधला जुना आणि कायदेशीर छंद. मात्र काडतूस वाजलं नाही की पहिल्या शिव्या खाते रायफल, आणि खरा चोर बहुधा टेबलावरच सापडतो. ही सगळी चोरी थाऊची, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाची. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो, एवढं ध्यानात ठेवून पुढे चला.

१. पाद्रीबुवांची शिकार
स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना बदकांच्या शिकारीचा नाद. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेर ठिणगी उडायची, मग बार निघायचा. तेवढ्यात बदकं पसार! वैतागलेल्या बुवांनी ठोका बसताच भडकणाऱ्या रसायनाची युक्ती काढली आणि १८०७मध्ये पेटंट घेतलं. आजचा प्राइमर हा त्याच युक्तीचा वंशज.

२. अदलाबदल झालेले जावई
१८६६मध्ये दोन प्राइमर जन्माला आले. एक इंग्रज एडवर्ड बॉक्सर यांचा, दुसरा अमेरिकन हायरम बर्डन यांचा. गंमत अशी की अमेरिकेने इंग्रजाचा उचलला, तर ब्रिटनसह युरोपच्या लष्करांनी बहुतांशी अमेरिकनाचा! बॉक्सरच्या पुंगळीला मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे जुना प्राइमर आतून एका पिनेने ढकलला की बाहेर. बर्डनच्या पुंगळीला सहसा दोन भोकं, तीही बाजूला. अमेरिकेत हा छंद फोफावला त्याचं एक कारण हे एकुलतं भोक.

३. खडकीचा शिक्का
बॉक्सरच्या पेटंटनंतर तीनच वर्षांनी, १८६९मध्ये, पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना उभा राहिला. तिथल्या जुन्या .३०३ काडतुसांच्या बुडावरचा ‘के एफ’ हा शिक्का परदेशातले संग्राहकही ओळखतात. घरी मात्र प्रयोग नको. १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली आपल्याकडे परवान्याविना काडतूस बनवणं गुन्हा आहे.

४. पहिला ठोका वाया
काडतूस पहिल्या ठोक्याला गप्प आणि दुसऱ्याला ‘ठो’? मग प्राइमर पूर्ण खोल बसलेला नव्हता. फायरिंग पिनचा पहिला जोर त्याला आत ढकलण्यातच गेला. प्राइमर पुंगळीच्या बुडापेक्षा तीन ते पाच थाऊ आत हवा. बोट फिरवून अंदाज येतो, मापून खात्री होते. प्राइमरची खाच नीट साफ केली नसेल, तर साचलेली काजळीच त्याला आत जाऊ देत नाही.

५. जुळे नव्हेत, चुलत भाऊ
मोठ्या रायफलचा प्राइमर आणि मोठ्या पिस्तुलाचा प्राइमर यांचा व्यास एकच, २१० थाऊ. उंचीत मात्र आठ-नऊ थाऊंचा फरक. पिस्तुलाचा चुकून रायफलच्या पुंगळीत गेला तर खोल बसतो आणि वाजायला कुरकुरतो. शिवाय त्याचा पत्रा पातळ, त्यामुळे रायफलच्या दाबाखाली त्याला भोकही पडू शकतं. डबे वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेले बरे!

६. जागा हवी, पण किती?
बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०३ अडतं बुडाच्या काठावर. .३०८ अडतं खांद्यावर, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते त्या उतारावर. १९१२चं .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम अडतं कमरेच्या पट्ट्यावर. तपासायला गो आणि नो-गो गेज, भोसरीच्या टर्नरला शिकवायलाच नको! .३०८चं गो गेज १.६३० इंच, नो-गो १.६३४. गोवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर नाही. दोहोंत फरक फक्त चार थाऊंचा.

७. आपल्याच हातांनी
आता खरा चोर. गेज सांगतं रायफल ठणठणीत, तरी काडतूस फुस्स! कारण डाय गरजेपेक्षा खाली फिरवलेली असते. ती पुंगळीचा खांदा मागे ढकलते, पुंगळी आखूड होते आणि चेंबरमध्ये पोकळी उरते. पिनचा ठोका बसला की काडतूस पुढे सरकतं आणि मार हलका पडतो. बोल्ट-ॲक्शन रायफलीसाठी खांदा एक-दोन थाऊ मागे नेला की पुरे.

८. चकाकती रेघ
अशी आखूड पुंगळी वाजली तर आणखी वाईट. दाबाने तिच्या पुढच्या भिंती चेंबरला चिकटतात, बूड मागे सरकतं आणि मधलं पितळ ताणलं जातं. चार-पाच वेळा ताणलं की बूड तुटून वेगळं! आधी इशारा मिळतो, बुडाच्या जरा वर चकाकती रेघ उमटते. शंका आली तर पेपरक्लिपचं टोक वाकवून आत फिरवा. खाचेत अडखळलं, की ती पुंगळी भंगारात.

९. चपटा प्राइमर खोटं बोलतो
प्राइमर चपटा दिसला की सगळे म्हणतात, दारू जास्त झाली. नेहमी नाही! पोकळी जास्त असेल तर प्राइमर आधी बाहेर सरकतो, मग मागे येणारं बूड त्याच्यावर आदळून त्याला चेपतं. आणि भार फारच हलका असेल तर बूड मागे येतच नाही, प्राइमर बाहेर डोकावत राहतो. लक्षण एक, रोग दोन.

१०. रबरी रिंगची जादू
महाराष्ट्र पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या .३०३चं चेंबर चिखलमातीतही चालावं म्हणून ऐसपैस असतं. म्हणून पुंगळी पहिल्याच बाराला ताणली जाते. छंदिष्टांचा तोडगा स्वस्तातला: पहिल्या बाराच्या वेळी काठापुढे बारीक रबरी ओ-रिंग घालायची. ती काडतुसाला मागे, बोल्टला टेकवून धरते. नंतर फक्त मान मापात आणायची, खांद्याला हात लावायचा नाही.

११. मशीनगनवाल्यांची कटकट
ब्राउनिंग एम-२ या .५० मशीनगनचं हेडस्पेस सैनिकांना अनेक दशकं नळी फिरवून, गेज लावून हाताने जुळवावं लागे. चुकलं तर पुंगळी फुटायची भीती. हेडस्पेस कायमचं पक्कं केलेली एम-२ए-१ अमेरिकी लष्करात आली ती २०१०च्या सुमारास!

१२. आणि फुस्स झालंच तर?
बोल्ट लगेच उघडू नका. कधी कधी काडतूस उशिरा पेट घेतं. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं, हा रेंजवरचा पक्का नियम. त्या अर्ध्या मिनिटात संशयितांची यादी करा. पहिला प्राइमर बसवणारा हात, दुसरी डाय, आणि रायफलचा नंबर तिसरा.