वाचणाऱ्याला कळले का?

अनुवाद आणि भाषातंत्रज्ञान यांवरच्या परिषदांचा गेल्या सत्तर वर्षांचा आढावा घ्यायचा, तर मी एकच प्रश्न हाताशी ठेवतो. अनुवाद वाचून वाचणाऱ्याला मजकूर कळला का, हे त्या परिषदांत कोणी आणि कधी विचारले? या क्षेत्राच्या आरंभीच्या काळात हा प्रश्न स्पष्टपणे विचारला जात होता. पुढे तो गैरसोयीचा झाला आणि बाजूला पडला. आज यंत्रानुवाद थेट वर्गात शिरला असताना तो बाजूलाच राहिला, याची मला फार खंत वाटते. साहित्यिक अनुवाद वाचकाला पटला नाही तर तो पुस्तक मिटून ठेवू शकतो. विद्यार्थ्याला ती सोय नसते. पुढ्यात आलेल्या पानावरच त्याला परीक्षा द्यायची असते.

सुरुवातीचा काळ सर्वांना ठाऊक आहे. 1952 मध्ये बार-हिलेल यांनी एमआयटीत यंत्रानुवादाची पहिली परिषद भरवली. 1954 मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी 250 शब्द आणि 6 नियम यांच्या बळावर रशियनचे इंग्रजी करून दाखवले, आणि मग आशेला उधाण आले. यंत्रानुवादाचा आढावा घेणाऱ्या अमेरिकी समितीच्या 1966 च्या ‘आल्पॅक’ अहवालाने ते ओसरले. या अहवालाची आठवण संशोधनाचा पैसा बंद करणारा म्हणूनच काढली जाते. त्याच्या परिशिष्टात जॉन कॅरल या मानसशास्त्रज्ञाने केलेले प्रयोग आहेत, ते मात्र फार थोडे लोक वाचतात. परीक्षकाने आधी अनुवाद वाचायचा, मग मूळ मजकूर वाचायचा आणि मुळातून आपल्याला नवे किती कळले याला गुण द्यायचे, अशी त्यातली एक पद्धत होती. मुळातून जितके नवे कळेल तितका अनुवाद कच्चा. त्याच सुमारास, 1965 मध्ये, शीला फॅफ्लिन यांनी यंत्राने केलेले अनुवाद वाचकांना देऊन त्यांवर आकलनाचे प्रश्न विचारले. 1992 ते 1994 या काळात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ने यंत्रानुवादाच्या ज्या चाचण्या घेतल्या, त्यांतही ओघ आणि अर्थनिष्ठा यांच्या जोडीला बहुपर्यायी प्रश्नांची आकलनपरीक्षा होती. म्हणजे वाट पडलेली होती, फक्त पुढे तिच्यावरून फारसे कोणी चालले नाही.

मधल्या काळात अनुवादमीमांसेने आपले घर वेगळे मांडले. जेम्स होम्स यांनी 1972 मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत या विद्याशाखेचा आराखडा मांडला, 1976 मध्ये लूव्हेनला चर्चासत्र झाले आणि पुढे युरोपात संस्था उभ्या राहिल्या. होम्स यांच्या आराखड्यात अनुवादकांचे प्रशिक्षण आणि अनुवादाची साधने या दोहोंना जागा होती. पण या मंडळींच्या परिषदांत शिक्षण म्हणजे अनुवादक घडवणे, फार तर अनुवादातून परभाषा शिकवणे. अनुवादित पुस्तकातून भौतिकशास्त्र शिकणारा मुलगा त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आला नाही. आपल्याकडच्या महाविद्यालयीन चर्चासत्रांबद्दल अधिक लिहीत नाही. अनुवादाचे स्वरूप आणि समस्या हा विषय तिथे वर्षानुवर्षे त्याच क्रमाने मांडला जातो आणि प्रमाणपत्रे वाटून झाली की सभागृह रिकामे होते.

संगणकवाल्यांच्या परिषदांनी 2002 मध्ये वळण घेतले. त्या वर्षी फिलाडेल्फियात एसीएल या संगणकीय भाषाशास्त्राच्या संघटनेच्या परिषदेत ‘ब्लू’ ही मोजपट्टी मांडली गेली. यंत्राचा अनुवाद आणि माणसाने केलेला नमुना यांच्यात सलग शब्द किती जुळतात ते ती मोजते. एकापासून चार शब्दांपर्यंतचे गट धरतात आणि त्यावरून आकडा निघतो. आठवीच्या विज्ञानात शोभेल असे एक वाक्य घेऊ. नमुना अनुवाद आहे: ‘निर्वात पोकळीतून ध्वनीचे प्रसारण होत नाही.’ एका यंत्राने लिहिले: ‘निर्वात पोकळीतून ध्वनीचे प्रसारण होते.’ दुसऱ्याने लिहिले: ‘हवाच नसेल तर आवाज पुढे जाऊ शकत नाही.’ पहिल्याचे सलग चार शब्द नमुन्याशी जुळतात आणि वाक्य संपूर्ण खोटे आहे. दुसऱ्याचा जुळतो तो फक्त ‘नाही’, आणि मुलाला नेमके तेच वाक्य समजते. गुण मात्र पहिल्याला अधिक. शिवाय मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. नमुन्यात ‘विद्यार्थ्यांनीसुद्धा’ असेल आणि यंत्राने ‘विद्यार्थ्यांनीही’ लिहिले, तर अर्थ तोच असूनही तो शब्द शून्य धरला जातो. 2015 मध्ये अक्षरगट मोजणारी ‘सीएचआरएफ’ ही मोजपट्टी आली, त्यामुळे हा दुसरा दोष पुष्कळ कमी झाला. पहिला तसाच राहिला.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो, आणि तो प्रामाणिक आहे. ‘ब्लू’ एकेका वाक्यासाठी नव्हतीच, हजारो वाक्यांच्या संग्रहावर सरासरी काढण्यासाठी होती, असे म्हणतात. ते खरे आहे. पण हजार वाक्यांतही हरवलेल्या ‘नाही’चे वजन कुठल्याही किरकोळ शब्दाहून जास्त होत नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ते सर्वांत जास्त असते. आता अर्थाच्या जवळिकीवर गुण देणाऱ्या नव्या मोजपट्ट्या आल्या आहेत, त्या जुनीपेक्षा चांगल्या आहेत हेही मान्य. त्यासुद्धा वाक्याला गुण देतात, वाचकाला प्रश्न विचारत नाहीत.

आपल्याच देशात निघालेल्या एका वेगळ्या विचाराकडे इथे वळतो. गेली अनेक वर्षे त्याची बाजू मी मांडत आलो आहे, म्हणून त्याला जागाही जास्त देतो. कानपूरच्या आयआयटीत आणि नंतर हैदराबादेत विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणिनीय व्याकरणाच्या पायावर ‘अनुसारक’ उभारले. तेलुगू, कन्नड, बंगाली, पंजाबी आणि आपली मराठी यांतून हिंदीकडे नेणारी ही प्रणाली होती. गुळगुळीत हिंदी लिहिणे हा तिचा हेतूच नव्हता. मूळ वाक्यातली माहिती न गळता वाचकापर्यंत पोचावी, यंत्राने आपल्याला ठाऊक नसलेले मनाने भरू नये आणि उरलेले काम वाचकाच्या समजुतीवर सोपवावे, असा तिचा दंडक होता. ‘तू दिलेले पुस्तक’ आणि ‘आम्ही राहिलेले घर’ ही दोन रूपे पाहा. पुस्तक दिले जाते, घरात मात्र राहतात, आणि हा फरक मराठी रूप सांगत नाही, ऐकणारा तो ओळखतो. हिंदीत एकीकडे ‘जो किताब’ आणि दुसरीकडे ‘जिस घर में’ असे ठरवून लिहावे लागते. तेलुगू आणि कन्नडमध्ये अशी रूपे पावलोपावली येतात. तिथे अनुसारक अंदाज बांधत नसे. ‘जो’पुढे एक खूण करून संबंध मोकळा ठेवत असे, आणि थोडे शिकलेला वाचक तो भरून घेत असे. इथे यंत्राने ठरवलेले नाही, हे वाचकाला पानावरच दिसत असे.

ज्या यंत्राचा मजकूर वाचायला वाचकालाच शिकवावे लागते ते यंत्र कसले, असे तेव्हा म्हणत आणि आजही म्हणतात. बाजारात हा युक्तिवाद जिंकला, हे उघड आहे. पण वर्गातला वाचक शिकायलाच आलेला असतो आणि त्याच्या शेजारी शिक्षक उभा असतो. शंकेची खूण दिसली तर तो विचारेल. सफाईदार चुकीच्या वाक्यावर कोणीच विचारत नाही. अनुसारकाची हिंदी ओबडधोबड होती आणि मोठ्या मजकुरात थकवणारी होती, हे मी नाकारत नाही. मला हवे आहे ते त्यामागचे तत्त्व, आणि ते आजच्या यंत्रांवरही लावता येते. डब्ल्यूएमटी या यंत्रानुवादाच्या परिषदेत 2012 पासून अनुवादाचा दर्जा नमुन्याशिवाय ओळखण्याची स्पर्धा होते. 2022 मध्ये तिच्यात इंग्रजी-मराठी जोडीही आली. कोणते वाक्य डळमळीत आहे हे सांगणारे साधन हाताशी असून पाठ्यपुस्तकांच्या अनुवादात ते विद्यार्थ्यापुढे का ठेवले जात नाही, हे मला समजत नाही.

आता यंत्रे माणसाइतकीच चांगली झाली, मग ही काळजी कशाला, असेही म्हटले जाते. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी चिनी-इंग्रजी बातम्यांच्या अनुवादाबद्दल असाच दावा केला. त्याच वर्षी लॉयब्ली, सेनरिच आणि फोल्क यांनी व्यावसायिक अनुवादकांपुढे सुटी वाक्ये न ठेवता सबंध मजकूर ठेवले, तेव्हा माणसाच्या अनुवादाला स्पष्ट पसंती मिळाली. पाठ्यपुस्तकातला धडा सबंधच वाचावा लागतो. त्यानंतर यंत्रे खूप सुधारली. एआयफॉरभारतचे 2023 चे ‘इंडिकट्रान्स2’ हे यंत्र राज्यघटनेच्या अनुसूचीतल्या 22 भाषा हाताळते आणि त्याचे मराठी वाचण्याजोगे असते. 2021 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या परवानगीने अभियांत्रिकीही भारतीय भाषांतून शिकवली जाऊ लागली आहे. म्हणूनच या मराठीतून शिकणाऱ्याला किती समजते ते मोजण्याची वेळ आली आहे.

आकलनाची चाचणी महागडी असते आणि तिच्यात शिक्षकाचे कसब, मुलांची पूर्वतयारी असे सगळे मिसळते, हा शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्याला माझे उत्तर बालभारतीच्या पुस्तकांत आहे. 1967 मध्ये स्थापन झालेली ही संस्था विज्ञानाचे एकच पुस्तक मराठी, इंग्रजी, हिंदी, उर्दू, कन्नड अशा अनेक माध्यमांतून छापते. आशय एक, धड्यांचा क्रम एक आणि प्रत्येक धड्याअखेर स्वाध्याय. जगातल्या फार थोड्या भाषासमूहांकडे अशी तयार सामग्री असेल. एकाच वर्गातल्या मुलांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत. एका गटाला छापील धडा द्यावा, दुसऱ्याला इंग्रजी पुस्तकावरून यंत्राने केलेला तोच धडा, आणि दोघांनी शिक्षकाच्या मदतीशिवाय वाचून तेच प्रश्न सोडवावेत. पूर्वतयारीचा फरक दोन्ही गटांत सारखा वाटला जातो आणि शिक्षकाच्या कसबाचा प्रश्नच उरत नाही. चालू वर्षाचा अभ्यास बिघडू नये म्हणून पुढच्या इयत्तेतला धडा घ्यावा आणि चाचणी संपल्यावर सर्वांना छापील पान द्यावे. प्रश्नपत्रिका मात्र दोन्हींपैकी एकही मराठी पान न पाहिलेल्या विज्ञान शिक्षकाने काढावी, म्हणजे प्रश्नांची भाषा कोणत्याही एका अनुवादाला झुकती राहणार नाही. डब्ल्यूएमटीच्या संयोजकांनी अशा चार शाळा गाठल्या, तरी पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत गुणफलकावर आकलनाचा एक रकाना वाढवता येईल.