निष्पाप आणि निरपराध : ‘पण लक्षात कोण घेतो’ व ‘फकिरा’ यांतील एक नैतिक सूत्र

मराठी कादंबरीच्या नैतिक आशयाची चर्चा करताना निष्पापांचे रक्षण हे सूत्र आपण पुष्कळदा गृहीतच धरतो. दुर्बळावर अन्याय होतो, कोणी सज्जन त्याच्या बाजूने उभा राहतो, वाचकाचे मन हेलावते, आणि विवेचन तेथेच थांबते. वास्तविक या सूत्रात दोन भिन्न कल्पनांची सरमिसळ झालेली आहे. ‘निष्पाप’ हा शब्द व्यक्तीच्या अंतःकरणाविषयी बोलतो. ‘निरपराध’ हा शब्द कायद्यापुढील तिच्या स्थानाविषयी. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे हा भेद किती दूरवर जातो, हे ध्यानात येते.

‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते, त्यामुळे तिचे निष्पापपण कोणी सिद्ध करून द्यावे लागत नाही; तिच्या बोलण्यातूनच ते प्रकट होते. तिच्यावर माया करणारी माणसेही कमी नाहीत. पती रघुनाथराव सुधारक वृत्तीचा, भाऊ जिवाला जीव देणारा. तरीही वैधव्यानंतर यांपैकी कोणाचेही प्रेम तिला केशवपनापासून वाचवू शकत नाही. शंकरमामंजींसारख्या माणसाची दुष्टाई येथे दुय्यम आहे. त्याच्या पाठीशी रूढी उभी आहे, हे त्याचे खरे बळ. कादंबरी चालू असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला व मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर आले. पण केशवपनाचा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता. पुण्यातच जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढून विधवांच्या रक्षणाला संस्थेचे रूप दिले होते. यमूच्या जगातून त्या दाराकडे वाट जात नाही. परिणामी कादंबरीत रक्षकाची जागा रिकामी राहते आणि शीर्षकातील प्रश्न त्या जागी वाचकाला नेमतो. हरिभाऊंच्या करुणरसाचे सामर्थ्य यात आहे, आणि माझ्या मते त्याची मर्यादाही. वाचक हळहळतो तेव्हा यमूचे आयुष्य संपलेले असते.

‘फकिरा’ (१९५९) मध्ये परिस्थिती मुळातच उलटी आहे. येथील मांग समाज कायद्याच्या दृष्टीने जन्मतःच संशयित. गुन्हेगार जमातींविषयीचा १८७१ चा कायदा आणि त्याची १९११ मधील विस्तारित आवृत्ती यांनी व्यक्तीने काही करण्यापूर्वीच तिच्या जातीला अपराधी ठरविले. रोजची हजेरी हे त्याचे दृश्य रूप. ज्याला निरपराध असण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याचे रक्षण कायदा पाळून कसे करायचे? दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागतात तेव्हा फकिरा साठवलेले धान्य लुटतो. ‘गरिबांचा कैवारी दरोडेखोर’ असे लेबल लावून आपण ही घटना फार लवकर हातावेगळी करतो. गावचे विष्णुपंत कुलकर्णी या उपाशी माणसांची बाजू घेतात, ही गोष्ट अधिक लक्षणीय आहे. गावातील नीती आणि सरकारी कायदा यांची फारकत लेखकाने एका ब्राह्मण पात्राच्या द्वारे दाखविली आहे.

कादंबरीचा खरा कस शेवटी लागतो. फकिरा हाती लागत नाही म्हणून सरकार त्याच्या माणसांना अटकेत टाकते, आणि त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतःला स्वाधीन करतो. येथे व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’ची (१८६२) आठवण होणे स्वाभाविक आहे. अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली, त्यामुळे खानदेशच्या वाचकाला ती परकी नाही. आपल्या नावाखाली भलताच मनुष्य शिक्षा भोगणार हे कळताच जाँ व्हालजाँ रात्रभर स्वतःशी झगडतो आणि आरासच्या न्यायालयात जाऊन आपली ओळख देतो. साम्य उघड आहे. भेद मात्र अधिक बोलका आहे. ह्यूगोच्या न्यायालयाची चूक झालेली असते, सत्य सांगितले की ती दुरुस्त होते. ‘फकिरा’मधील अटक ही चूक नाही. पकडलेली माणसे निरपराध आहेत हे पकडणाऱ्याला पुरते ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती त्याच्या उपयोगाची आहेत. म्हणून फकिराच्या बाबतीत व्हालजाँसारखे दीर्घ अंतर्द्वंद्व नाही, याला मी कलात्मक उणीव मानत नाही. तेथे सत्य उघड करण्याचा प्रश्नच उरलेला नाही. केवळ मोल चुकते करायचे आहे.

नवापूर तालुक्यात, चिंचपाड्याच्या परिसरात ही कादंबरी शिकविताना ‘हजेरी’ या शब्दापाशी थांबावे लागते. वर्गातल्या विद्यार्थ्याच्या लेखी हजेरी म्हणजे महाविद्यालयाचा पट. घरी मावची किंवा भिली बोलणाऱ्या मुलांना शब्दाचा जुना अर्थ सांगितला की चर्चेची दिशा बदलते. फकिरा शूर होता का, हा परीक्षेचा प्रश्न मागे पडतो. अटकेतल्या माणसांनी काय केले होते, असे मुले विचारू लागतात. समीक्षेने हा प्रश्न पुरेसा विचारलेला नाही. नायकाच्या तेजात ती माणसे पार्श्वभूमी होऊन जातात. उलट यमूच्या कादंबरीत नायक नसल्यामुळे पीडित व्यक्ती क्षणभरही नजरेआड होत नाही. पदव्युत्तर वर्गात दोन्ही ग्रंथ एकत्र शिकविण्याचे हे एक सबळ कारण ठरावे.

आणखी एक तपशील नोंदवायला हवा. फकिराच्या स्वाधीन होण्याने त्याची माणसे सुटतात, हजेरी सुटत नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा देशभरात १९५२ साली रद्द झाला. त्यानंतर राज्याराज्यांतून सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा अधिनियम १९५९ चा, म्हणजे ‘फकिरा’ प्रकाशित झाली त्याच वर्षाचा आहे.