जास्वंद कुंडीतली, जास्वंद कुंपणावरची

मे महिना उजाडला, की आमच्या न्यू जर्सीतल्या नर्सऱ्यांच्या दारात जास्वंदी मांडलेल्या दिसतात. लालभडक, पिवळ्या, केशरी. मराठी माणसाची गाडी तिथे आपोआप थांबते. गणपतीला रोज एक तरी लाल फूल मिळावे, एवढीच साधी इच्छा असते. झाड घरी येते, उन्हाळाभर फुलते, आणि ऑक्टोबरात पहिला फ्रॉस्ट पडला, की सकाळी त्याची पाने उकडलेल्या पालेभाजीसारखी लोंबू लागतात. मग मंडळाच्या दिवाळीत हमखास कोणीतरी विचारते, "शेजारच्या बाईंची जास्वंद बर्फात उभी राहते, मग आमचीच का गेली?"

उत्तर सोपे आहे. शेजारच्या बाईंची जास्वंद वेगळी आहे. ही दोन्ही झाडे मी गेली वीस-बावीस वर्षे एकाच अंगणात वाढवतो आहे. त्यांचे आडनाव एक असले तरी स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट आहेत. तो उलगडून सांगावा, म्हणून हा लेखप्रपंच.

आडनाव एक, घरे दोन

आपली जास्वंद म्हणजे 'हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस'. अंगणातली, हिवाळ्यात टिकणारी ती 'हिबिस्कस सिरियाकस'. इथे तिला 'रोझ ऑफ शॅरन' म्हणतात. दोन्ही नावे लिनियसने १७५३ साली आपल्या ग्रंथात नोंदवली. 'सिरियाकस' म्हणजे सीरियाची; पण झाड मुळात चीनकडचे. कोरियाने त्याच्या फुलाला राष्ट्रीय फुलाचा मान दिला आहे, आणि तिथे त्याला 'मुगुंगह्वा' म्हणतात. बायबलमध्ये 'शॅरनचे गुलाब' येते, त्याच्याशी या झाडाचा संबंध नाही. शिवाय इंग्लंडमध्ये 'रोझ ऑफ शॅरन' म्हटले, की पिवळ्या फुलांचे भलतेच झुडूप पुढे करतात. तिकडच्या नातेवाइकांना सल्ला देताना हे ध्यानात ठेवावे.

भेंडी, कापूस आणि अंबाडी याच कुळातली. भेंडीचे फूल ज्याने पाहिले आहे, त्याला हे नाते वेगळे सांगायला नको. तेव्हा एक देशी आणि एक परकी, असा भेद इथे करू नये. अमेरिकेच्या दृष्टीने दोघीही आशियातून आलेल्या पाहुण्याच. थॉमस जेफर्सननेही आपल्या बागेत रोझ ऑफ शॅरन लावली होती, म्हणजे तिचा इथला मुक्काम आपल्यापेक्षा बराच जुना!

खरा प्रश्न थंडीचा

रोप घेताना आपण फूल पाहतो. पाहायला हवा तो चिठ्ठीवरचा झोनचा आकडा. अमेरिकेच्या कृषिखात्याने देशाचे थंडीनुसार तेरा पट्टे पाडले आहेत. हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्रीचे सरासरी तापमान किती, यावर ते ठरतात, आणि दर पट्टा दहा अंश फॅरनहाइटचा असतो. सहाव्या झोनमध्ये ही रात्र उणे १० ते ० अंशांची, सातव्यात ० ते १० अंशांची, तर दहाव्यात ३० ते ४० अंशांची. नवा नकाशा २०२३ साली निघाला. त्यात जवळजवळ निम्मा देश अर्ध्या झोनने उबदार ठरला, म्हणून जुन्या पुस्तकातला आकडा पुन्हा तपासून घ्यावा.

आपल्या जास्वंदीला साधारण दहावा झोन लागतो. रात्र ५० अंशांखाली गेली, की तिची वाढ थांबते; पाणी गोठेल इतकी थंडी पडली, की पाने आणि कोवळ्या फांद्या जळतात. रोझ ऑफ शॅरन पाचव्या झोनपासून नवव्यापर्यंत सुखाने राहते. म्हणून न्यू जर्सी, शिकागो किंवा बॉस्टनला एक कुंडीत आणि दुसरी जमिनीत. दक्षिण फ्लोरिडात राहणाऱ्यांनी मात्र आपली जास्वंद खुशाल जमिनीत लावावी आणि आमच्याकडे पाहून हसावे.

चिठ्ठी हरवली असेल, तर पान पाहावे. आपल्या जास्वंदीचे पान गडद हिरवे आणि तेल लावल्यासारखे चकचकीत असते. रोझ ऑफ शॅरनचे पान लहान, फिके आणि बहुधा तीन खंडांचे. बशीएवढे फूल आणि मोठे, मंद हिरवे पान दिसले, तर ती तिसरी, इथल्या पाणथळ जागेतली मूळची रहिवासी, 'हिबिस्कस मॉश्यूटस'. ती हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मुळातून पुन्हा फुटते.

कुंडीतलीचे लाड

कुंडीतल्या जास्वंदीला दिवसाचे सहा तास ऊन, पाण्याचा चांगला निचरा आणि किंचित आम्ल माती लागते. जुलै-ऑगस्टात रोज पाणी घालावे लागते. माती एकदा कोरडी पडली, की कळ्या टपाटप गळतात. सलग कडक उन्हाळा, जागेची अदलाबदल यांनीही कळ्या गळतात, तेव्हा लगेच औषध शोधू नये. खत नियमित पण बेताचे द्यावे. त्यात पालाश जास्त आणि स्फुरद कमी हवे. 'फुलांसाठी' म्हणून विकली जाणारी भरपूर स्फुरदाची खते तिला मानवत नाहीत.

नर्सरीतले आटोपशीर झुडूप दुसऱ्या वर्षी लांब-लांब फांद्या टाकू लागले, तर घाबरू नये. ते बुटके राहावे म्हणून विक्रीपूर्वी त्याला वाढ रोखणारे औषध दिलेले असते. त्याचा असर ओसरला, की झाड आपल्या मूळ वळणावर जाते.

सप्टेंबरअखेर रात्री ५० अंशांकडे झुकू लागल्या, की कुंडी आत घ्यावी. आधी आठवडाभर सावलीत ठेवावी, आणि पानांच्या खालच्या बाजूला मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आहेत का ते पाहून कीटकनाशक साबणाचे पाणी फवारावे. आत आल्यावर बरीच पाने पिवळी होऊन गळतात. उजेड कमी झाल्याचा तो परिणाम असतो. झाड मरत नसते. दक्षिणेची खिडकी आणि कमी पाणी एवढे पुरे. हीटिंगच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो, त्यासाठी अधूनमधून पाने धुवावीत. फेब्रुवारीअखेर एक तृतीयांश छाटणी करावी, कारण फूल नव्या फुटीवरच येते.

कुंपणावरचीचा साधेपणा

रोझ ऑफ शॅरनला यातले काहीच लागत नाही. ऊन हवे, पाणी साचू नये, आणि पहिले वर्षभर पाणी घालावे. झाड आठ ते बारा फूट उंच होते, म्हणून भिंतीपासून पाच-सहा फूट दूर लावावे. छाटणी हिवाळा सरताना करावी. तिचीही फुले नव्या फुटीवरच येतात.

तिच्या दोन खोडी मात्र सांगून ठेवतो. पहिली, ती फार उशिरा जागी होते. फोर्सिथिया, ट्यूलिप फुलून जातात, तरी ही मेच्या मध्यापर्यंत नुसती काटकी. मेली समजून अनेकांनी ती उपटून टाकली आहे. नखाने साल खरवडून पाहावी. खाली हिरवे दिसले, तर ती जिवंत आहे. दुसरी खोड, ती बी फार सांडते, आणि पुढच्या वर्षी सगळ्या वाफ्यात तिचीच रोपे उगवतात. हे टाळायचे, तर 'डायना' ही शुभ्र पांढरी जात शोधावी. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये डोनाल्ड एगॉल्फ यांनी ती तयार केली. तिच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असल्यामुळे बी जवळजवळ धरत नाही. जपानी भुंगेरे दोघींनाही छळतात. जून-जुलैत पहाटे ते सुस्त असताना साबणाच्या पाण्यात झटकून टाकावेत.

आणि गणपतीचे फूल?

इथे मात्र कुंपणावरची कमी पडते. ती पांढरी, गुलाबी, जांभळी फुलते, क्वचित निळसर. खरा लाल रंग तिच्यात नाही. शिवाय तिचा बहर जुलै-ऑगस्टचा. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली, तेव्हा झाडावर भरपूर फुले होती. सप्टेंबरच्या मध्यावर आली, तर मोजकीच उरतात. कुंडीतली मात्र थंडी पडेपर्यंत फुलते. आमच्या घरी दोन्ही फुले वाहतो. ज्याने त्याने आपल्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवावे. जास्वंदीचे फूल एका दिवसाचे असते. संध्याकाळच्या आरतीला हवे असेल, तर सकाळी उमललेले तोडून फ्रिजमध्ये ठेवावे. ते पाण्याविना संध्याकाळपर्यंत उघडे राहते.

कुंडी कोण उचलणार?

आमच्या पिढीतल्या वाचकांसाठी खरा प्रश्न हाच आहे. चौदा इंची कुंडी ओल्या मातीसकट चाळीस-पन्नास पौंड सहज भरते. चाळिशीत ती दोन हातांत उचलून जिना चढता येतो, सत्तरीत तो हट्ट पाठीला परवडत नाही. मुले दूर, घर लहान केलेले, आणि दर ऑक्टोबरात तीच कसरत. एवढ्यासाठी कितीतरी जणांनी जास्वंद सोडून दिली.

ती सोडू नये, त्याला उपाय आहे. ऑगस्टच्या आरंभी पाच-सहा इंची, अर्धवट पक्क्या फांद्या कापाव्यात. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत, आणि ओलसर परलाइटमध्ये खोचून सावलीत ठेवावे. सहा-आठ आठवड्यांत मुळे धरतात. हिवाळ्यात फक्त या छोट्या कुंड्या खिडकीत ठेवायच्या. मोठे झाड गेले तरी वंश राहतो. पुढच्या मेमध्ये तीच रोपे बाहेर ठेवली, की ऑगस्टपर्यंत फुलावर येतात.

भारतातून फांदी आणण्याचा मोह मात्र टाळावा. वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय ती इथे आणता येत नाही, आणि विमानतळावर न सांगता आणली तर दंड होतो. त्यापेक्षा इथेच कोणाकडून तरी मागून घ्यावी. चार घरांत एकाच झाडाची कलमे असली, की एकाच्या खिडकीतले रोप दगावले तरी दुसऱ्याकडून परत मिळते. मंडळाच्या जूनच्या सहलीला फराळाच्या डब्यांशेजारी एक टेबल रोपांसाठी मांडले, तर अंगण असणाऱ्यांनी रोझ ऑफ शॅरनची उगवलेली रोपे आणावीत आणि खिडकी असणाऱ्यांनी जास्वंदीची कलमे न्यावीत. कुंडी मात्र सहा इंचीच असू द्यावी.